बुद्धिबळ: सुलतान खान (पंजाबचा खेळाडू, पांढरा) – कापाब्लांका (माजी जगज्जेता, काळा), हेस्टिंग्ज स्पर्धा १९३०-३१ : पाचवी चाल ए-३ कशासाठी?

प्रश्न (सिडको, नाशिक): मुलगी ११ वर्षांची. ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्या नाशिकचा, म्हणून घरात पट कायम मांडलेला. काल क्वीन्स इंडियन नावाच्या सुरुवातीचा हा डाव लावला. पाचव्या चालीला पांढरा नुसतं कडेचं प्यादं एक घर सरकवतो. ती म्हणाली, "बाबा, चाल फुकट गेली ना?" मला सांगता येईना.

उत्तर: दादा, फुकट नाही. काळ्याच्या उंटाला बी-४ वर येऊन सी-३ चा घोडा जखडायचा असतो, म्हणजे तो हलला तर मागच्या राजाला शह बसतो. ए-३ ने ते घरच बंद. घोडा मोकळा राहिला की ई-४ वर जोर राहतो. पुढे ही पद्धत जगज्जेत्या पेट्रोस्यानच्या नावाने रुळली. ए-३ न खेळता उंट हाताने बी-४ ला ठेवून दाखवा, लगेच कळेल तिला.

उत्तर: मला पुढचा भाग भिडतो. कापाब्लांकाला वजीर देऊन दोन हत्ती घ्यावे लागले, आणि खानाने ६५ चालींपर्यंत पकड सोडली नाही. आणि खान वाढलेला देशी बुद्धिबळाच्या नियमांवर, जिथे प्यादं पहिल्या चालीलाही दोन घरं उडी मारत नाही!

प्रश्नकर्ता: दाखवलं काका. उंट बी-४ ला ठेवला, तशी तिने घोड्यावर बोट ठेवलं: "हा हलणारच नाही की!"