१ मेला डांग्यांचं नाव का गळतं?

गिरणगावकर:
१ मे जवळ आला की संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी निघतात. अत्रे, एसेम, सेनापती बापट, प्रबोधनकार, अमर शेख ही नावं आदराने घेतली जातात आणि घेतलीच पाहिजेत. गळतं ते कम्युनिस्ट नेते कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे हे नाव. कोणी आठवण काढलीच तर लगेच विचारतात, ‘आणीबाणीला पाठिंबा देणारे तेच ना?’ सत्तर वर्षांचं सार्वजनिक आयुष्य या एका प्रश्नात गुंडाळून टाकणं मला मान्य नाही.

निफाड तालुक्यातल्या करंजगावचा हा माणूस. बाविसाव्या वर्षी गांधी आणि लेनिन यांच्या मार्गांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली. १९२४ मध्ये कम्युनिस्टांवरच्या कानपूर कटाच्या खटल्यात ४ वर्षांची सक्तमजुरी झाली. सुटून आले आणि गिरणगावात उतरले. तेव्हा मालकांनी एका विणकराकडे दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे दर तीन विणकरांतला एक घरी. शिवाय पगारकपात. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाख कामगार गिरणीबाहेर राहिले. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली, डांगे तिचे सरचिटणीस. वर्ष संपेपर्यंत सभासद ५० हजारांवर गेले. पुढच्याच वर्षी मीरत खटल्यात पुन्हा अटक. शिक्षा १२ वर्षांची झाली, ती अपिलात ३ वर आली.

माझे वडील साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. जॉबरला, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाला, पैसे चारल्याशिवाय बदलीचं कामही मिळत नसे, तो काळ त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेला. ‘मान वर करून बोलायला लाल बावट्याने शिकवलं,’ असं ते शेवटपर्यंत सांगत. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले, ते अशा घरांच्या जोरावर.

सत्त्याहत्तरचा मतदार:
गिरणगावकर, १९२८ चं श्रेय कोणी नाकारत नाही. पण आणीबाणीचा प्रश्न तुम्ही फार पटकन बाजूला सारला. माझे काका १९ महिने आत होते. तेवढ्यासाठीच मी बोलतोय असं वाटत असेल, तर कामगारांच्याच भाषेत सांगतो. सप्टेंबर १९७५ मध्ये सरकारने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. संपाचं नाव काढायची सोय नव्हती. आणि डांग्यांचा पक्ष या सरकारच्या पाठीशी उभा. तिसऱ्या साच्याविरुद्ध सहा महिने उपाशी राहायला सांगणारा नेता बोनस निम्म्यावर आला तेव्हा सरकारशी नातं तोडत नाही, हे कसं समजून घ्यायचं? १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात त्यांच्याच पक्षाने आणीबाणीला दिलेला पाठिंबा चूक ठरवला. डांग्यांनी मात्र काँग्रेसबरोबर जाण्याची भूमिका सोडली नाही आणि शेवटी १९८१ मध्ये पक्षानेच त्यांना काढलं. बाहेरच्यांचं सोडा, त्यांच्या स्वतःच्या कॉम्रेडांचा हा निकाल आहे.

नायगावची लेक:
दादा, तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून लिहिते. ते साचेखात्यात होते. माझे पणजोबा गिरणीत असूनही साचेखात्यात जाऊ शकले नाहीत, कारण ते महार. मागावरच्या धोट्यात धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्याचा हात लागलेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नव्हता. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पाठिंबा काढून घेण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे अस्पृश्यांनाही साचेखात्यात घ्या ही अट मागण्यांत आली. तीही नाखुशीने.

आणि १९५२. मुंबई उत्तरचा जोडमतदारसंघ, दोन जागा, प्रत्येकाला दोन मतं. पण दोन्ही मतं एकाच उमेदवाराला दिली तर त्यातलं एक बाद. डांगे स्वतः उभे होते. दोन्ही मतं एकालाच द्या असा प्रचार त्यांनी केला, त्यामुळे मतं वाया गेली, असा आरोप करत बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली. ७० हजारांहून जास्त मतं बाद झाली होती आणि बाबासाहेब १४ हजारांच्या आसपास मतांनी पडले. याचिका फेटाळली गेली, हे मला माहीत आहे. पण आमच्या घरात १ मेला डांग्यांचं नाव का निघत नाही, याचं उत्तर आणीबाणीत नाही, इथे आहे.

गिरणगावकर:
ताई, १९५२ बद्दल माझ्याकडे बचाव नाही. साचेखात्याचं तुम्ही म्हणता ते खरं. वडील तिथे होते याचा मी वर अभिमानाने उल्लेख केला, पण तिथे कोणाला येऊ दिलं जात नव्हतं हे लिहिताना माझ्या मनातही आलं नाही.

तरी एक दिवस विसरू नका. ७ नोव्हेंबर १९३८. संपावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला, तेव्हा डांगे आणि बाबासाहेब एका बाजूला होते. त्या विधेयकाचा कायदा झालाच.

दुसऱ्या बावट्याचा:
मी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या घरातला, डांग्यांच्या पक्षातून फुटून निघालेल्या. १९६४ मध्ये उजेडात आलेल्या पत्रांचा विषय इथे कोणी काढला नाही म्हणून लिहितो. कानपूर खटल्यानंतर तुरुंगातून डांग्यांनी सरकारला सहकार्य देऊ केलं, अशी पत्रं दिल्लीच्या अभिलेखागारात सापडली. डांगे म्हणाले, बनावट आहेत. त्या एप्रिलमध्ये पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण बाहेर पडले. पण पक्ष फुटला तो पत्रांमुळे, असं मी मानत नाही. काँग्रेसशी कसं वागायचं हे भांडण आधीचंच होतं आणि १९७५ मध्ये काय होणार ते त्यातच दिसत होतं. मतदारसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे शोधा.

सत्त्याहत्तरचा मतदार:
हे पटतं. मग तर दोष आणखी मोठा. ती घाईतली चूक नव्हती, विचार करून निवडलेली वाट होती.

गिरणगावकर:
वाट विचार करूनच निवडली होती, मान्य. पण गिरणगाव लाल बावट्याच्या हातून गेलं ते आणीबाणीमुळे नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रतिनिधी युनियन मानली आणि तो मान काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. कामगार सभेला लाल बावट्याच्या, वाटाघाटीच्या टेबलावर मात्र दुसरेच. जून १९७० मध्ये इथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेने घेतली. १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा हा १९४६ चा कायदा रद्द करा हीसुद्धा एक मागणी होती. वडील त्या संपात होते. ते परत कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत.

नायगावची लेक:
माझे आजोबाही त्याच संपात होते. बांधणी खात्यात, साचेखात्यात नाही.