भावाच्या रिपोर्टमध्ये स्किझोफ्रेनियापुढं ७२ लिहिलंय, म्हणजे ७२ टक्के आजार आहे का?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, तिथं वडिलांबरोबर जायचा, पण चार महिने झाले रात्र रात्र झोप नाही, कुणाशी बोलंना, जेवण अर्धंच. सायकियाट्रिस्टनी सायकॉलॉजिस्टकडं पाठवलं, तिथं एमएमपीआय-२ नावाची टेस्ट घेतली. ५६७ वाक्यं, प्रत्येकापुढं फक्त बरोबर की चूक. पेपर इंग्रजीत. आमच्या घरात तेलुगू, त्याची शाळा मराठी, म्हणून तिथली मुलगी म्हणाली की ताई तुम्हीच शेजारी बसून समजावा. मी बसले. तीन तास लागले, शेवटी शेवटी तो न वाचताच खुणा करत सुटला हे मला दिसत होतं पण मी काही बोलले नाही.

रिपोर्ट पाकिटात घालून दिला, समजावून कुणीच सांगितलं नाही. त्यात स्केल ८ स्किझोफ्रेनिया ७२ आणि एफ स्केल त्याच्याही बरंच वर. काकांनी गुगल करून फॅमिली ग्रुपवर टाकलं की पोराला ७२ टक्के स्किझोफ्रेनिया आहे. आई तेव्हापासून रडतेय, आणि आत्या म्हणते आता याच्या लग्नाचं काय. खरंच असं असतं का? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

होटगीरोड_प्रशांत

ताई टेन्शन घेऊ नका. मला पुण्यात नोकरीला लागताना सिक्स्टीन पीएफ नावाची स्वभावाची टेस्ट दिली होती, १८५ प्रश्न, रिपोर्टमधलं निम्मं माझ्याशी जुळतच नव्हतं. माझं स्पष्ट मत, पाचशे खुणांवरून माणूस कळत नसतो. रिपोर्ट ठेवा कपाटात आणि भावाला चार दिवस गावी घेऊन जा.

मनोमापन

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, अशा टेस्ट रोज घेते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या भावाला मी बघितलेलं नाही, त्यामुळं निदान इथं करणार नाही.

आधी ७२ चं बघू. ते टक्के नाहीत. याला टी-स्कोअर म्हणतात, त्यात सरासरी ५० धरलेली असते आणि ६५ च्या वर गेलं की आम्ही थांबून बघतो. ज्या सर्वसामान्य लोकांवरून हा तक्ता बनवला त्यांच्यातले सुद्धा शंभरात साधारण आठ जण ६५ किंवा त्याच्या वर येतात, आणि ते लोक म्हणजे १९८९ च्या आवृत्तीसाठी घेतलेले अमेरिकेतले २,६०० जण. सोलापुरातल्या तेलुगू घरातला मराठी शाळेत शिकलेला मुलगा त्यांच्या शेजारी उभा करून हा ७२ आलाय, हे डोक्यात ठेवूनच तो वाचायचा असतो.

स्केलच्या नावानं तर फार घोळ होतो. मूळ टेस्ट हॅथवे आणि मॅकिन्ली या दोघांनी मिनेसोटात केली, १९४३ ला छापली, आणि नावं तेव्हाचीच राहिलीत. पुढं लक्षात आलं की आठ नंबर वर आला म्हणजे स्किझोफ्रेनियाच असं नसतं, एकटं पडलेला, भेदरलेला, झोप उडालेला माणूससुद्धा तिथं वर जातो, म्हणून आम्ही आपसात स्केल ८ एवढंच म्हणतो. आणि आमच्याकडं अंगात येणं, देवीचा कौल हे बऱ्याच घरांत असतं, तसल्या घरातला माणूस चित्रविचित्र अनुभवांच्या वाक्यांना सहज बरोबर म्हणून जातो. (खरी वाक्यं इथं कुणी टाकू नका, आधीच पाठ करून आला की टेस्ट वाया जाते.)

पण मला खरी काळजी एफची आहे. त्यातली वाक्यं अशी की बहुतेक लोक त्यांना हो म्हणत नाहीत. तो वर गेला तर चार-पाच गोष्टी असू शकतात, वाक्य कळलं नाही, कंटाळून खुणा केल्या, त्रास वाढवून सांगितला, किंवा खरंच आतून फार त्रासात आहे. त्यातलं कोणतं हे ठरवायला व्हीरिन नावाचं दुसरं स्केल असतं, त्यात एकसारख्या अर्थाच्या जोड्यांना उत्तरं जुळतात का ते बघतात. रिपोर्टमध्ये व्हीरिन किती आहे बघा. ते ८० च्या वर असेल तर बाकीचा ग्राफ वाचायचाच नसतो.

तुम्ही शेजारी बसलात यात तुमची चूक नाही ताई, तुम्हाला बसवायला नको होतं. बहीण समजावते तेव्हा प्रत्येक वाक्य थोडं बदलतं, आणि बहिणीसमोर मुलगा काही गोष्टींना हो म्हणतच नाही. सगळ्यांना तेच वाक्य, तसंच, एकट्यानं, यावरच तर ही टेस्ट उभी आहे.

प्रशांतदादा, कपाटात ठेवा हे मात्र पटलं नाही. नोकरीची टेस्ट आणि ही टेस्ट वेगळी आहे, आणि चार महिने झोप नसलेल्या मुलाला गावी नेऊन भागणार नाही. टेस्ट नीट झाली, बरोबर मुलाखत आणि घरच्यांकडून माहिती घेतली तर तिचा खूप उपयोग होतो, तोंडानं न सांगता येणारं बरेचजण कागदावर सांगतात. ताई, एक विचारते, तो कधी जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला का? बोलला असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच्या आज डॉक्टरकडं न्या, रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जुळेसोलापूर_आई

आमच्या ह्यांची पण टेस्ट झाली होती दोन वर्षांमागं. सगळे म्हणायचे आळशी झालाय, मिल बंद पडली ते निमित्त धरून बसलाय. आमच्या मॅडमनी दोन वेळा बोलावलं, एकदा ह्यांना एकट्याला आणि एकदा आम्हा दोघांना, ग्राफवर बोट ठेवून सांगितलं की हे डिप्रेशनचं वर आहे आणि तुम्ही मुलाखतीत जे बोललात त्याच्याशी ते जुळतंय. हे तिथंच रडले, वीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं मी. ताई तुम्ही परत जा आणि हक्कानं सांगा की आम्हाला बसून समजावून द्या, पैसे दिलेत तुम्ही.

पूर्वभाग_सोलापूर

सगळ्यांचे खूप आभार. मरणाचं तो काही बोलला नाही, काल रात्री मी सरळ विचारलं, फक्त म्हणाला अक्का मी दमलोय. व्हीरिन ८४ आहे. सोमवारी सायकियाट्रिस्टकडं परत चाललोय, हा रिपोर्ट आणि मी शेजारी बसले होते ते दोन्ही सांगणार. वडील म्हणतात काकांनाही घेऊ, त्यांनाही समजेल.

मनोमापन

८४ म्हणजे स्केल ८ चं ते ७२ विसरा, टेस्ट परत लागली तर त्याला नीट कळणाऱ्या भाषेत आणि एकट्याला बसवून घ्यायला सांगा. काकांना न्यायचं का ते आधी भावाला विचारा. तो २२ वर्षांचा आहे, रिपोर्ट त्याचा आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यालाच दिलाय. आणि फॅमिली ग्रुपवरचा तो मेसेज काकांना आजच डिलीट करायला लावा, भावानं तो वाचलाय का तेही हळूच बघा.