येऊरला फायर सीझनचं चार महिन्यांचं काम मिळतंय, घ्यावं का?

कळव्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी कळव्याला राहतो, वय २२, बारावी सायन्स झालंय, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सुटली. सध्या भिवंडीला एका गोडाऊनमध्ये स्कॅनिंगला आहे, बारा तास उभं राहायचं आणि चौदा हजार हातात. येऊरला, म्हणजे ठाण्यालगतच्या जंगलात, एका पाड्यावर माझा शाळेतला एक मित्र आहे, तो म्हणाला की उन्हाळ्यात वणव्यासाठी जंगलात रोजंदारीवर माणसं घेतात, १५ फेब्रुवारी ते १५ जून, तुला यायचं असेल तर साहेबांना विचारून बघतो. लहानपणी उपवनच्या तळ्यावर गेलो की वरचा डोंगर बघत बसायचो आणि तेव्हापासून डोक्यात आहे की वनरक्षक व्हायचं, पण घरात असं काम कोणीच केलेलं नाही त्यामुळे विचारणार कोणाला. म्हणून इथे विचारतोय. दिवसभर नक्की काय करावं लागतं? पुढे वनरक्षक भरतीला याचा काही उपयोग होतो का? आणि आईला बिबट्याची जाम भीती वाटते, ती म्हणते गोडाऊन बरं. चार महिन्यांसाठी चालू नोकरी सोडणं बरोबर आहे का ते कळत नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

जाळरेषा

भावा, मी तीन सीझन केलेत, दोन येऊरला आणि एक दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळे जे बघितलंय तेच सांगतो.

पहिलं म्हणजे बिबट्या वगैरे डोक्यातून काढ, तुझं काम पाचोळ्याशी आणि माणसांशी आहे. फेब्रुवारीत साग पूर्ण पानं टाकतो, ताटाएवढी पानं, पापडासारखी वाळलेली, पाय ठेवला की शंभर फुटांवर आवाज जातो. सुरुवातीचे दिवस जाळरेषा काढण्यातच जातात, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातलं गवत आणि पाला कापून, झाडून आणि लक्ष ठेवून जाळून टाकायचा, म्हणजे नंतर वणवा आला तर त्या मोकळ्या पट्ट्यावर त्याला खायला काही मिळत नाही. कंटाळवाणं काम आहे, कंबर मोडते, पण अख्खा उन्हाळा त्याच्यावर अवलंबून असतो. त्यानंतर रोजची फिरती, बीटवर, म्हणजे जंगलातल्या ठरवून दिलेल्या हद्दीत, सकाळ संध्याकाळ चालायचं, पाणवठ्यात पाणी आहे का बघायचं, उंचावर बसून धूर शोधायचा. आता उपग्रहावरून पण कळतं, डेहराडूनच्या फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाकडून गरम ठिपक्याचा मेसेज येतो, पण उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हा तो मेसेज, डोळ्याला धूर बहुतेक वेळा आधी दिसतो.

आपल्याकडे वीज पडून वणवा लागणं जवळपास नाहीच, लावतो तो माणूसच. कोणी बिडी टाकतो, कोणी पार्टी करून चूल तशीच सोडतो, कुठे मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, कुठे नवीन गवत चांगलं येईल म्हणून. त्यामुळे शनिवार रविवार तुझी खरी ड्युटी म्हणजे लोकांना हात जोडून सांगणं. शिव्या खायच्या, गप्प बसायचं, पण काडेपेटी घेऊन आत सोडायचं नाही.

एक दिवस सांगतो म्हणजे अंदाज येईल. एप्रिल होता, दुपारी चारच्या सुमारास वरून धूर दिसला, आम्ही पाच जण, दोन ब्लोअर (जोरात हवा मारायची मशीन), बाकी हातात हिरव्या फांद्या. आग घळीतून वर चढत होती आणि चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते, म्हणून पहिला नियम, आगीच्या वरच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही, बाजूने किंवा मागून धरायची. मी नवीन होतो, जोरात फांदी उचलून मारत होतो, तर आमच्यातला म्हातारा वनमजूर ओरडला, अरे वर उचलू नको, ठिणग्या उडवतोयस, दाब आणि ओढ. खरंच तसंच आहे, फांदी आगीवर दाबायची आणि जळालेल्या बाजूला ओढायची. नाकावर ओला पंचा, डोळ्यातून पाणी, भुवया करपलेल्या, असं सात वाजेपर्यंत चाललं, मग वारा पडला, हवेत जरा दमटपणा आला आणि आग बसली. आणि विझली म्हणून घरी जायचं नसतं, पडलेले ओंडके आतून दोन दोन दिवस धुमसत असतात, दुसऱ्या दिवशी परत जाऊन हाताची मागची बाजू जवळ नेऊन गरम लागतंय का बघत प्रत्येक बुंध्यावर पाणी ओतायचं. त्या फेरीत आम्हाला रातवा पक्ष्याचं घरटं दिसलं, घरटं कसलं, उघड्या पाल्यावर ठेवलेली दोन अंडी, आणि काळी पडलेली जमीन तिथून जेमतेम दहा पावलांवर थांबली होती. मादी परत येऊन बसली होती, पाल्यात इतकी मिसळलेली की डोळा चमकला नसता तर माझा पाय पडला असता. मी आजही त्या जागेवर डोळे मिटून जाऊ शकतो.

आता पैशाचं. आधी विचार की पगार खात्याकडून थेट बँकेत येणार की कंत्राटदाराकडून. माझा तो दुसऱ्या जिल्ह्यातला सीझन कंत्राटदाराकडे होता आणि जूनपर्यंतच्या कामाचे पैसे ऑगस्ट संपताना मिळाले, मधले दोन महिने मेहुण्याकडून उसने घेऊन काढले. हजेरी मस्टरवर रोज लागतेय का ते स्वतः बघ, आणि आपल्या वहीत पण लिहीत जा.

पळणारा_ठाणेकर

भरतीचं मी सांगतो, २०२३ ला दिली होती, थोडक्यात राहिलो. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यातला एक विषय लागतो, तुझं सायन्स आहे म्हणजे ते झालं. लेखी १२० मार्कांची, मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी. मग मुलांना ५ किलोमीटर धावणं, आणि शेवटी २५ किलोमीटर चालणं ४ तासांत, मुलींना १६ किलोमीटर. चालणं ऐकायला सोपं वाटतं पण आमच्या बॅचला वीसाव्या किलोमीटरला चांगली पळणारी पोरं बसली, कारण सगळ्यांनी ग्राउंडवर धावायची प्रॅक्टिस केलेली, चालायची कोणी केलीच नव्हती. चार महिने बीटवर चाललास तर हे तुला आपोआप जमेल. पण हंगामी कामाचा अनुभव आहे म्हणून निवड होईल अशा भरवशावर राहू नकोस, मार्क लेखीचे आणि ग्राउंडचे. पुस्तक बंद करायचं नाही.

पाड्यावरून

मी पाड्यातलाच आहे, वारली. थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

माझ्या वडिलांनी कित्येक वर्षं रोजंदारीवर जंगलात काम केलं. लोक म्हणतात चार महिने काम कर, पुढे परमनंट होशील, तर भावा तो हिशोब नीट समजून घे. २०१२ च्या शासन निर्णयात जे रोजंदारी वनमजूर कायम झाले त्यांच्यासाठी अट होती की आधीच्या काळात पाच वर्षं, दरवर्षी किमान २४० दिवस काम. १५ फेब्रुवारी ते १५ जून मोजलंस तर १२१ दिवस होतात, एकही सुट्टी न घेता. म्हणजे अर्धे. आणि तो निर्णय जुन्या लोकांसाठी होता. वडिलांचे दोन वर्षांत दिवस कमी भरले, नाव यादीत आलं नाही, त्या दोन वर्षांत ते आजारी नव्हते की घरी बसले नव्हते, सांगितलं असतं तर रोज गेले असते, काम बंद आहे म्हणून घरी पाठवायचे. आईने ती हजेरीची चिठ्ठ्याचपाट्यांची पिशवी अजून पत्र्याच्या पेटीत ठेवलीय.

दुसरं, ही कामं पाड्यातल्या पोरांना आधी मिळाली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. आमचं घर आहे तिथे, वणवा लागला की पहिला धूर आमच्या घरात येतो आणि बोलवायच्या आधी आम्ही फांद्या तोडून निघालेलो असतो. वर मोहाचं लिहिलंय ते खोटं नाही, काही जण करतात, पण माझी आजी झाडाखाली झाडून साफ करून वेचायची, तिने कधी काडी लावली नाही, आणि रात्री दीड वाजता चुली पेटवणारे गाडी घेऊन येतात, ते पाड्यातले नसतात, हेही लिहायला पाहिजे.

तरी तू ये. मित्राला स्पष्ट विचार, पाड्यातली माणसं घेऊन जागा उरतेय का. उरत असेल तर बिनधास्त ये, हात कमीच पडतात. २०२४ ला कारवी, म्हणजे ते कित्येक वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, फुललं तेव्हा फोटोसाठी काय गर्दी झाली होती, पण फुलून झाल्यावर कारवी मरते आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माणसाच्या उंचीच्या सुक्या काठ्यांचं रान उभं राहतं, ते बघायला कोणी येत नाही. आम्ही त्याच काठ्यांचे कूड, म्हणजे घराच्या भिंती, विणून शेणाने सारवतो. ठिणगी पडली तर तेच रान उभं पेटतं.

कळव्याचा_पोरगा

दादा, १२१ चा हिशोब मी कधी केलाच नव्हता. आणि पाड्यातल्यांचा हक्क आधी हे पटलं, मित्राला तसंच विचारतो, कोणाची जागा घेऊन मला यायचं नाही. पण आईचं काय सांगू? ती आजही म्हणाली की संध्याकाळचा परत कसा येणार.

जाळरेषा

आईला सांग, दोन येऊरच्या सीझनमध्ये मला बिबट्या दोनदा दिसला, दोन्ही वेळा तो निघून जाताना. धुळीत ठसे मात्र रोज. एकट्याने फिरायचं नाही, अंधार पडल्यावर टॉर्च आणि मोठ्याने बोलत चालायचं, खाली वाकून किंवा उकिडवं बसून राहायचं नाही कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो, आणि समोर आलाच तर पळायचं नाही, त्याला वाट द्यायची. मला खरी भीती घोणस सापाची वाटायची, सुक्या पाल्यात दिसतच नाही. पाय टाकायच्या आधी काठी आपटायची, ओंडका उचलायच्या आधी काठीने हलवायचा, आणि चावलाच तर बांधाबांध, कापाकापी काही न करता सरळ सरकारी हॉस्पिटल. पाणी तीन लिटर, गूळ शेंगदाणे खिशात.

खाडीकाठची

मी ऐरोलीची, कोळीवाड्यातली. डोंगरावरचं मला कळत नाही पण हंगामी काम खाडीवर केलंय, फ्लेमिंगो असतात त्या महिन्यांत बोटीवर माहिती द्यायला. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं, २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलं, पण माझ्या आज्याला रोहित पक्षी, म्हणजे हेच फ्लेमिंगो, त्याच्याही आधीपासून माहीत होते. आमचं टाइमटेबल घड्याळावर नाही, पाण्यावर. पुनव अमावस्येला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीला भांग म्हणजे छोटी भरती, ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी खायला पसरतात आणि भरती आली की नेरूळच्या तळ्यांकडे सरकतात. हे मी आजीकडून ऐकलेलं, आणि पहिल्यांदा कोणीतरी त्याचे मला पैसे दिले, ते मला खूप मोठं वाटलं होतं. शाळेतली पोरं बोटीत गप्प व्हायची ना पक्षी एकदम उडाले की, पंखाखालचा लाल रंग दिसला की, त्यासाठी मी उन्हात सहा तास उभी राहायचे.

तुला एवढंच विचारते, उरलेल्या आठ महिन्यांचं काय ठरवलंयस? माझा सीझन मे मध्ये संपायचा, मग आईबरोबर मासळी बाजार, नाहीतर शिवणकाम. आधी ठरवलं होतं म्हणून निभावलं. ज्या मैत्रिणीने ठरवलं नव्हतं तिने जूनमध्ये मिळेल ते काम घेतलं आणि पुढच्या सीझनला तिला सुट्टीच मिळाली नाही, ती परत आलीच नाही, आणि पक्षी ओळखण्यात ती माझ्यापेक्षा हुशार होती. गोडाऊनवाल्यांशी चांगलं बोलून सोड, पावसाळ्यात परत घेतील असं बघ. आणि आईला एकदा सकाळी सोबत घेऊन जा, तुझ्या मित्राच्या घरी चहाला बसव. माझी आई बोटीत बसल्यावरच गप्प झाली.

कळव्याचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, आज रात्री दोनदा वाचून काढलं. रविवारी टीएमटीने आईला घेऊन मित्राकडे जातोय. सुपरवायझरशी बोललो, जुलैपासून माणसं लागतात म्हणाला. जागा उरली नाही तर निदान जाळरेषेच्या दिवसांत सुट्टीच्या दिवशी तसाच मदतीला जाईन असं ठरवलंय, साहेबांनी परवानगी दिली तर. एक शेवटचं, कपडे कोणते? बाबांचे रिक्षाचे जुने खाकी शर्ट आहेत, फुल बाह्यांचे, ते चालतील ना?

जाळरेषा

ते टेरीकॉट असतील बहुतेक, मग अजिबात नको, आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. शिवणीच्या आतला एक दोरा काढ आणि काडीने पेटव. राख झाली तर कॉटन, घाल. काळी कडक गोळी झाली तर तो शर्ट घरीच ठेव. बुटांचं पण तसंच, चामड्याचे घे, स्पोर्ट्स शूजचा सोल तापलेल्या राखेत उतरतो.

पाड्यावरून

रविवारी दहाच्या आधी या, नंतर ऊन चढतं. आईंना चढावर दम लागत असेल तर गाडी आतपर्यंत येते, मित्राला सांगून ठेव.