प्रति: रिंगणाला सोलर लाइट, पण सेन्सरवाले नकोत

घोडेस्वारीच्या रिंगणाला कुठले सोलर लाइट घ्यावेत या प्रश्नावर वरती कुणीतरी मोशन सेन्सरवाले (हालचाल जाणवली की आपोआप मोठे होणारे) फ्लडलाइट घ्या, बॅटरी वाचते असं म्हटलंय, पार्किंगला ठीक आहे हो ते, पण घोड्याच्या रिंगणाला अजिबात नको. घोड्याला अंधुक उजेडात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं पण उजेड एकदम बदलला की डोळे सरावायला त्याला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे कोपऱ्यावर वळताना लाइट भसकन मोठा झाला की कान टवकारून बाजूला उडी, आणि वर नवशिका असेल तर तो थेट वाळूत. त्यापेक्षा मंद पण एकसारखा उजेड परवडला. खांबही एकाच बाजूला नको, समोरासमोर लावा, नाहीतर काही घोडे स्वतःच्याच लांबलचक सावलीला बुजतात.

आणि नुसत्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नका, बॅटरी किती वॅट-अवरची (म्हणजे किती वॅटचा दिवा किती तास चालेल) ते विचारा. खरोखर १०० वॅट खाणारा दिवा ३ तास चालवायचा तर निदान ३०० वॅट-अवर लागणारच, स्वस्तातल्या सोलर लाइटच्या त्या चपट्या डब्यात तेवढी बॅटरी मावेल असं वाटतं का? पॅनेल रिंगणापासून जरा लांबच बसवा, टापांनी उडालेली बारीक वाळू काचेवर बसते आणि चार्जिंग कमी होतं, त्यात हिवाळ्यात ऊन आधीच कमी. मात्र काच कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात, पाणी मारा.