कॉकटेल पोपटासाठी त्रिकोणी कोपरा-पिंजरा घेऊ का? (वन बीएचके, मापं दिली आहेत)

चिंचगूळ

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे बत्तासा आहे. कॉकटेल, पिवळट पांढरा, गालांवर दोन नारिंगी ठिपके. नणंदेची बंगळुरूला बदली झाली आणि तो त्याच्या पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला. पिंजरा कसला, रुखवतात मांडावा तसला गोल घुमटवाला प्रकार आहे. बत्ताशाने तुरा ताठ केला की वर टेकतो आणि वळला की शेपटी सळ्यांवर घासते. शेपटीची टोकं पार झाडूसारखी झाली आहेत. त्यामुळे नवीन घ्यायचा हे ठरलंय.

घर डोंबिवलीत, चौथा मजला. हॉलला चार कोपरे. एकात फ्रिज, एकात सासूबाईंचा देव्हारा, एकात मुख्य दार उघडतं. उरला बाल्कनीच्या दाराशेजारचा. तिथे एक भिंत चौकटीपर्यंत २७ इंच आणि दुसरी टीव्हीच्या टेबलापर्यंत ३१ इंच.

दुकानात एक कोपऱ्यात बसणारा पिंजरा पाहिला. वरून बघितलं तर काटकोन त्रिकोण: भिंतींकडच्या दोन्ही बाजू २४-२४ इंच, समोर सरळ जाळी, उंची ५२ इंच, खाली चाकं. साडेसात हजार सांगतोय. "ताई, कोपऱ्यात बसतो, जागाच खात नाही," असं चार वेळा म्हणाला. नवरा म्हणतो घेऊन टाक. मला मात्र ते वाक्यच खटकतंय. पिंजरा जागा खात नसेल तर बत्ताशाला जागा मिळणार कुठून?

मी साडेआठला निघते, सहाला परत. सासूबाई घरी असतात, पण गुडघ्यांमुळे त्याच्यामागे धावू शकत नाहीत, म्हणून दिवसा तो आतच. संध्याकाळी पंखा बंद करून, बाल्कनीचं दार लावून दोन-अडीच तास बाहेर सोडतो. म्हणजे बहुतेक आयुष्य पिंजऱ्यातच जाणार. कोणी असा पिंजरा वापरला आहे का?

वाईकर_आबा

शीर्षक वाचून आधी घाबरलो. हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला नाही ना? ते आपले देशी पोपट पाळणं, विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आमच्या लहानपणी घरोघरी मिठू असायचे, आता चालत नाही. आणि बरंच आहे म्हणा.

चिंचगूळ

नाही हो आबा, कॉकटेलच. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तरी आमच्या सोसायटीत सगळे त्याला मिठूच म्हणतात.

मोजपट्टी

ताई, तुमची शंका रास्त आहे. मी फर्निचरच्या ड्रॉइंगवर पोट भरतो, पक्ष्यांतलं कळतं ते घरच्या दोन कॉकटेलांपुरतं. पण हा प्रश्न निम्मा भूमितीचाच आहे.

२४-२४ चा काटकोन त्रिकोण म्हणजे २८८ चौरस इंच. समोरची तिरकी बाजू जवळजवळ ३४ इंच भरते, त्यामुळे दुकानात उभं राहून पाहताना पिंजरा ऐसपैस वाटतो. समोरच्या मधल्या बिंदूपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत खोली मात्र १७ इंचच. शिवाय ती खोली फक्त मधोमध. बाजूला सरकलं की ती कमी कमी होत जाते.

आता हे करून बघा. कॉकटेल पंख पसरतो तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुटाच्या वर भरतो. थोडी मोकळीक धरून १४ इंच रुंदीची वर्तमानपत्राची पट्टी कापा. जमिनीवर खडूने त्रिकोण काढा आणि ती पट्टी आत बसवा. समोरच्या जाळीलगत ठेवली तर ६ इंच लांबीची बसेल. भिंतीलगत ठेवली तर १० इंच. पंख उघडे ठेवून सरळ जायला तुमच्या बत्ताशाला एवढीच धाव. बाकी सगळी जागा चिंचोळ्या टोकांत अडकलेली आहे, ती दिसते पण पक्ष्याच्या कामाची नाही.

५२ इंच उंचीवर जाऊ नका. त्यातली निम्मी चाकांच्या स्टँडची असणार. आणि आतली असली तरी पोपट हेलिकॉप्टरसारखा उभा चढत नाही, त्याला आडवी जागा लागते.

तुमच्या मापात ३० बाय १८ चा साधा आयत आरामात बसतो. ३० इंच बाजू ३१ च्या भिंतीला लावा, १८ ची २७ च्या. बाल्कनीच्या चौकटीकडे वर ९ इंच उरतात. ५४० चौरस इंच, आणि तीच १४ इंची पट्टी पूर्ण ३० इंच लांब बसते. पिंजरा कोपऱ्यात ठेवायचा म्हणून तो त्रिकोणीच हवा असं थोडंच आहे?

कोपरावालाच घ्यायचा असेल तर समोरून गोलाई असलेला बघा. २४ इंच त्रिज्येच्या पाव वर्तुळात ती पट्टी साडेएकोणीस इंचांपर्यंत जाते. सरळ जाळीवाल्याच्या जवळजवळ दुप्पट.

दोन_तुरे

मी वापरलाय. सरळ जाळीवालाच, जवळपास तीन वर्षं. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगते: दोन बाजूंना भिंत असली की पक्षी निवांत असतो. चारही बाजूंनी माणसं फिरतात अशा जागी माझी सोनू दिवसभर मान उंचावून बसायची, कोपऱ्यात गेल्यावर आठवड्याभरात डुलक्या घ्यायला लागली. पण हे कोपऱ्याचं श्रेय, पिंजऱ्याचं नाही. मोजपट्टी म्हणतात तसा आयतही तिथे ठेवता आला असता, तेव्हा सुचलं नाही.

आता वाईट. कॉकटेल रात्री दचकतात, हे तुम्हाला एव्हाना माहीत झालं असेल. अंधारात पाल सरकली, खाली गाडीचा हॉर्न वाजला की उठून सैरावैरा आपटतात. एका रात्री सोनू अशीच उठली आणि फडफडत मागच्या कोपऱ्यात शिरली, जिथे दोन जाळ्या मिळतात तिथे. त्या फटीत पंख अडकला आणि नवीन फुटत असलेलं, रक्त भरलेलं पीस मोडलं. दिवा लावला तर पिंजराभर शिंतोडे. कॉर्नफ्लॉर दाबून धरून रक्त थांबवलं आणि सकाळी डॉक्टर गाठले. वाचली. तेव्हापासून झिरोचा बल्ब रात्रभर चालू असतो आणि पिंजरा बदलला. तो मागचा कोपरा काटकोनीच, तसे कोपरे आयताला पण असतात हे मान्य. पण त्रिकोणाची समोरची दोन टोकं तर याहून चिंचोळी.

दुसरा छळ ट्रेचा. त्रिकोणी ट्रेला रोज वर्तमानपत्र कापत बसा. आयताला दोन पानं उघडून टाकली की झालं.

पिंजरा कुठलाही घ्या, सळ्यांमधलं अंतर अर्ध्या इंचापासून १६ मिलिमीटरपर्यंतच ठेवा. मोठ्या पोपटांच्या पिंजऱ्यात ते इंचभर असतं, त्यातून कॉकटेलचं डोकं बाहेर जातं आणि मागे येत नाही. आणि निदान दोन बाजूंना आडव्या सळ्या हव्यात, चढायला.

चिंचगूळ

मोजपट्टी, खडू सापडला नाही म्हणून सासूबाईंच्या रांगोळीने त्रिकोण काढला. पट्टी ठेवली. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात तर तो नुसता वळेल." मग शेजारी ३० बाय १८ चा आयत काढला. नवऱ्याने त्यावरून तीनदा ये-जा केली आणि तेवढी वाट पुरते हे कबूल केलं.

दोन_तुरे, सोनूचं वाचून पोटात गोळा आला. आजच झिरोचा बल्ब लावते.

आता दुसरं. कल्याणला एक वेल्डिंगवाला हव्या त्या मापाचा करून देतो म्हणतोय, दुकानापेक्षा स्वस्त, पांढऱ्या चकचकीत जाळीचा. चालेल का?

मोजपट्टी

ती चकचकीत जाळी बहुतेक गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. कॉकटेल दिवसभर सळ्या चावतो. ते जस्त पोटात गेलं की विषबाधा होते: उलट्या, अशक्तपणा, विष्ठा बिघडणं. नव्या जाळीवर मुलाम्याचे थेंब आणि पापुद्रे राहिलेले असतात, ते सगळ्यात वाईट. लोक व्हिनेगर आणि ब्रशने घासून घेतात, त्याने धोका कमी होतो, जात नाही. त्यापेक्षा चांगलं पावडर कोटिंग असलेला घ्या आणि कुठे पोपडा निघतोय का ते बघत राहा. खिसा परवानगी देत असेल तर ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा. फ्रिजवरचं चुंबक दुकानात घेऊन जा, ३०४ ला ते सहसा धरत नाही.

आणि तुमची बाल्कनीकडची भिंत बाहेरची आहे ना? पावसाळ्यात ओल येते का?

चिंचगूळ

येते. जुलैत पोपडे सुटतात, तेही नेमके पिंजऱ्याच्या उंचीला.

मोजपट्टी

मग पिंजरा भिंतीला चिकटवू नका. टीव्हीचं टेबल थोडं सरकवा आणि मागे चार बोटं जागा सोडा, हवा खेळेल आणि पोपडे त्याच्या चोचीला लागणार नाहीत. मध्ये प्लास्टिकचा पत्रा उभा करा, बियांची टरफलं आणि पिसांची पांढरी पूडही त्यावरच बसेल, ओल्या फडक्याने पुसता येईल.

वाईकर_आबा

देव्हारा त्याच खोलीत आहे म्हणालात. उदबत्ती, धूप, कापूर, सगळ्याचा धूर पक्ष्याला सोसत नाही. डासांची कॉइलही नको. आणि स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर विसरू नका. तो फार तापला की जी वाफ सुटते, तिने पक्षी बघता बघता जातो. देवाची माफी मागून सांगतोय, नुसतं निरांजन पुरे.

चिंचगूळ

आबा, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी सांगितलं असतं तर घरात वेगळाच विषय निघाला असता. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. पाच मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, उदबत्ती बाल्कनीत तुळशीपाशी लावीन, पण संध्याकाळी तो शिट्टी मारतो तेव्हा त्याला देवापाशी आणायचं. (शिट्टी म्हणजे वॉशिंग मशीन संपल्यावर वाजते ती धून. रोज सात वाजता आरती समजून ऐकतात.)

त्याच दुकानात ३० बाय १८, उंची ३६, पावडर कोटिंगवाला सापडला. सळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं, १५ मिलिमीटर. तीन बाजूंना आडव्या सळ्या. त्रिकोणीपेक्षा बाराशे कमी, चाकं नाहीत. शनिवारी येतोय. आतल्या दोन्ही गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकणार आहे. सोसायटीतल्या पेरूची छाटणी झालीय, त्याच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या बसवेन. त्यावर फवारणी केली होती का, ते माळीदादांना विचारायचं राहिलंय.