गँग्लिया: पाच-सहा मिनिटांनी मुख्य नोड सोडून सगळे नोड बंद दिसू लागतात

ऐरोलीकर:
नमस्कार. ऐरोलीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २४ नोडचा (एकत्र काम करणाऱ्या २४ संगणकांचा) लिनक्स क्लस्टर सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. देखरेखीसाठी गँग्लिया हे सॉफ्टवेअर वापरतो. प्रत्येक नोडवर त्याची माहिती पाठवणारा जीमॉन्ड चालतो, मुख्य नोडवर त्याच्या जोडीला ती माहिती गोळा करून साठवणारा जीमेटाडी आणि वेब पान आहे. कॉन्फिगरेशन मुळात येते तेच ठेवले आहे, म्हणजे मल्टिकास्ट (एकाने पाठवलेले पॅकेट गटातील सर्वांना मिळण्याची पद्धत), गट २३९.२.११.७१ आणि पोर्ट ८६४९. उन्हाळी सुट्टीत जुना साधा स्विच काढून मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच बसवला, तेव्हापासून एक विचित्र गोष्ट घडते आहे. सर्व नोडवरचे जीमॉन्ड रीस्टार्ट केले की सगळे हिरवे दिसतात, आलेख नीट भरू लागतात, आणि पाच-सहा मिनिटांत मुख्य नोड वगळता बाकीचे सारे लाल होतात. प्रत्यक्षात नोड चालू असतात आणि स्लर्म या कामे वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर टाकलेली कामे वेळेत पुरी होतात. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा आहे, घड्याळेही क्रोनीने जुळवलेली आहेत. गँग्लिया सोडून प्रॉमिथियस या देखरेखीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळावे असे सहकारी सुचवतात, पण बिघाड नेमका कुठे आहे हे समजल्याशिवाय तसे करणे मला पटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

महापे_नेटवर्क:
सर, बिघाड गँग्लियात नसून स्विचमध्ये असावा, असे आपल्या वर्णनावरून वाटते. फायरवॉल आड येत असता तर पहिली पाच मिनिटेही काही दिसले नसते. मॅनेज्ड स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग बहुधा सुरूच असते. कोणत्या पोर्टवरच्या यंत्राला कोणता मल्टिकास्ट गट हवा आहे याची नोंद स्विच ठेवतो आणि तेवढ्याच पोर्टवर ते पॅकेट सोडतो. जीमॉन्ड सुरू होताना गटात सामील होत असल्याचा निरोप पाठवतो, त्यामुळे नोंद होते आणि सर्व सुरळीत चालते. ही नोंद टिकवायची तर त्या व्हीलॅनवर (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर) कोणीतरी ठरावीक काळाने "या गटात अजून कोण आहे?" असे विचारावे लागते. हे काम क्वेरियरचे. साधारणपणे तो दर १२५ सेकंदांनी विचारतो. क्वेरियरच नसेल तर कोणी विचारत नाही, म्हणून नोडही पुन्हा उत्तर देत नाहीत आणि सुमारे २६० सेकंदांनी स्विच नोंद पुसून टाकतो. त्यानंतर ८० सेकंद नोडकडून काही आले नाही की गँग्लिया त्याला बंद धरतो. दोन्हींची बेरीज आपल्या पाच-सहा मिनिटांशी जुळते. मुख्य नोड हिरवा राहतो, कारण स्वतःचे पॅकेट त्याला स्विचमधून न जाताच मिळते.

खात्री करणे सोपे आहे. सगळे लाल झाल्यावर कोणत्याही साध्या नोडच्या ८६४९ या टीसीपी पोर्टला टेलनेट करून, म्हणजे थेट जोडणी करून, पाहा. येणाऱ्या एक्सएमएलमध्ये त्या नोडला फक्त स्वतःचीच माहिती असेल, तर निदान बरोबर आहे. मुख्य नोडवर टीसीपीडम्प हे पॅकेट दाखवणारे साधन लावून केवळ आयजीएमपीची पॅकेट चार-पाच मिनिटे पाहिली, तरी विचारणा येते की नाही ते कळेल. उपाय म्हणून त्या व्हीलॅनवर क्वेरियर सुरू करा. अनेक स्विचवर त्यासाठी त्या व्हीलॅनला आयपी पत्ता द्यावा लागतो, आणि नेमके हेच राहून जाते.

घोडबंदर_लिनक्स:
निदान पटले, पण माझे मत युनिकास्टच्या, म्हणजे पॅकेट थेट एकाच ठरलेल्या यंत्राला पाठवण्याच्या, बाजूने आहे. स्विच उद्या पुन्हा बदलेल, त्याची सेटिंग दुसऱ्याच विभागाच्या हाती असेल, आणि हीच अडचण परत उभी राहील. प्रत्येक नोडवरील जीमॉन्डच्या कॉन्फिगरेशनमधील यूडीपी_सेंड_चॅनलमधून एमकास्ट_जॉइन काढून तेथे होस्ट म्हणून मुख्य नोडचे नाव द्या. मुख्य नोडच्या यूडीपी_रिसीव्ह_चॅनलमध्ये फक्त पोर्ट ठेवा, एमकास्ट_जॉइन आणि बाइंड या दोन्ही ओळी काढा. बाकीच्या नोडवर डेफ हा पर्याय 'यस' केला तरी चालेल, कारण त्यांनी इतरांचे ऐकण्याची आता गरज उरत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सेंड_मेटाडेटा_इंटरव्हल मुळात शून्य असतो, तो प्रत्येक नोडवर ३० करा. मापांची नावे, एकके इत्यादी तपशील जीमॉन्ड सुरू होताना पाठवतो. मल्टिकास्टमध्ये नव्याने सुरू झालेला जीमॉन्ड हा तपशील इतरांकडून मागून घेऊ शकतो, युनिकास्टमध्ये तशी सोय नाही. हा आकडा शून्यच राहिला, तर मुख्य नोडवरचा जीमॉन्ड रीस्टार्ट करताच आलेख रिकामे होतील आणि प्रत्येक नोडवर जाऊन जीमॉन्ड पुन्हा सुरू करेपर्यंत भरणार नाहीत.

वागळे_इस्टेट:
प्रॉमिथियसबद्दल थोडे. तेथे सर्व्हर स्वतः प्रत्येक नोडच्या ९१०० पोर्टवरील नोड एक्स्पोर्टरकडून टीसीपीने आकडे ओढून घेतो, त्यामुळे मल्टिकास्टचा प्रश्नच येत नाही, आणि अलर्टमॅनेजरमुळे सूचनांची सोयही चांगली होते. तरीही आत्ता बदल करू नये, असेच मी म्हणेन. न कळलेला बिघाड झाकण्यासाठी सॉफ्टवेअर बदलले, तर तोच बिघाड मल्टिकास्टवर चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या सेवेत डोके वर काढतो. शिवाय प्रॉमिथियस आकडे मुळात १५ दिवसच साठवतो. वर्षभराचे आलेख हवे असतील तर ती मुदत आणि डिस्क यांचा विचार आधी करावा लागेल.

ऐरोलीकर:
सर्वांचे मनापासून आभार. सगळे लाल झालेले असताना एका साध्या नोडला टेलनेट केले, तर एक्सएमएलमध्ये खरोखरच त्याचे एकट्याचेच नाव होते. टीसीपीडम्पमध्येही विचारणेचे एकही पॅकेट दिसले नाही. स्विच आमच्या अखत्यारीत नसल्यामुळे युनिकास्टचा मार्ग स्वीकारला आणि मेटाडेटाचा आकडा ३० केला. त्यानंतर मुख्य नोडवरील जीमॉन्ड मुद्दाम रीस्टार्ट करून पाहिला, मिनिटभरात सर्व आलेख परत भरू लागले. एक शंका उरते. मुख्य नोडच बंद पडला तर त्या काळातली माहिती हातची जाईल का?

घोडबंदर_लिनक्स:
जीमॉन्डपुरता उपाय आहे. नोडच्या कॉन्फिगरेशनमध्ये यूडीपी_सेंड_चॅनलचा दुसरा भाग जोडून त्यात आणखी एका नोडचे नाव द्या, त्या नोडवर रिसीव्ह चॅनल उघडा आणि डेफ 'नो' ठेवा. मग जीमेटाडीच्या डेटा_सोर्स ओळीत दोन्ही नावे लिहा. जीमेटाडी तेथे दोन्हींची बेरीज करत नाही. पहिल्याकडून उत्तर आले नाही तरच दुसऱ्याकडे जातो. आलेखांच्या आरआरडी फाइल मात्र जीमेटाडी जेथे चालतो तेथेच लिहिल्या जातात. मुख्य नोड पूर्ण बंद असतानाही आलेख भरत राहावेत असे वाटत असेल, तर जीमेटाडी क्लस्टरबाहेरच्या एखाद्या वेगळ्या यंत्रावर हलवा.