टी-शर्टवर काय लिहायचे?

बी-३०४ : सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये या वेळी आपल्या इमारतीतून आम्ही नऊ जण उतरत आहोत. दोघे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर, चौघे हाफ आणि तिघे ड्रीम रन ही छोटी दौड. गेल्या रविवारी वरळी सी फेसवर लाँग रन संपल्यावर नारळपाणी पिताना असे ठरले की, या वर्षी मोटर न्यूरॉन डिसीज या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराबद्दल लोकांना माहिती व्हावी म्हणून धावायचे. कारण वेगळे सांगायला नको. सी-६०२ मधल्या काकांच्या आजाराचे निदान होऊन आता तीन वर्षे होत आली. काकूंना विचारूनच हे लिहितो आहे. टी-शर्टचा खर्च आम्ही धावणारे करू, सोसायटीच्या निधीला हात लावणार नाही. पुढच्या बाजूला आजाराचे नाव आणि पाठीवर 'आम्ही धावतो, कारण ते धावू शकत नाहीत' असा मसुदा आहे. माझ्या मुलीने केलेले डिझाइन खाली जोडले आहे. सूचना असतील तर कळवाव्यात.

ए-१०२ : आपला हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे, तेव्हा राग मानू नये. आपण धावल्याने दुसऱ्याचा आजार हटत नाही. २०१४ साली डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याची लाट आली होती, ती याच आजारासाठी होती असे मी वाचले आहे. आपल्या गच्चीवरही मुलांनी बादल्या ओतल्या, पाणीकपातीच्या दिवसांत ओतल्या, आणि आज त्यांतल्या एकालाही विचारले तर आजाराचे नाव सांगता येणार नाही. शिवाय पाठीवरचे वाक्य मला खटकते. ज्या गृहस्थांनी अठरा वर्षे या सोसायटीचे सेक्रेटरीपद सांभाळले, त्यांची ओळख 'धावू न शकणारे' अशी शहरभर मिरवायची का?

बी-३०४ : ए-१०२ काका, बादलीबद्दल तुमचे म्हणणे अर्धे मान्य आहे. मात्र त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एएलएस (या आजाराला तिकडे एएलएस म्हणतात) असोसिएशनकडे ११ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली आणि त्यातून ज्या संशोधनाला मदत मिळाली, त्यातूनच २०१६ मध्ये या आजाराशी संबंध असलेले एनईके-१ हे जनुक हाती लागले. बादली ओतणारे विसरले, पण पैसा कामी आला.

धावण्याचे म्हणाल, तर एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रग्बी लीग संघात रॉब बरो हा जेमतेम ५ फूट ५ इंच उंचीचा खेळाडू होता. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला हा आजार असल्याचे कळले. वर्षभराने त्याचा जुना कर्णधार केविन सिनफिल्ड सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला, कारण बरोच्या जर्सीचा क्रमांक ७ होता. पुढे मे २०२३ मध्ये बरोच्या नावाने लीड्समध्ये मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा सिनफिल्डने त्याला व्हीलचेअरवरून ढकलत पूर्ण अंतर नेले आणि शेवटच्या रेषेपाशी थांबून, दोन्ही हातांवर उचलून घेऊन रेषा ओलांडली. बरो २ जून २०२४ रोजी गेला. अमेरिकेत ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो, तो बेसबॉलपटू लू गेरिगही १९४१ साली २ जूनलाच गेला होता. योगायोग आहे, पण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

सी-६०२ : ए-१०२ भाऊजी, तुमचे म्हणणे मला अजिबात लागले नाही, उलट तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. थोडे लांबेल.

ह्यांचे फळ्यावरचे अक्षर सर्वांना आठवत असेल. टाकी धुण्याची, पाणी उशिरा येण्याची, सत्यनारायणाची, कसलीही सूचना असो, रात्री जेवण झाल्यावर खडू घेऊन हे खाली जायचे आणि ओळ जराही वाकडी गेली तर पुसून पुन्हा लिहायचे. त्या पावसाळ्यात ओळी वाकड्या जाऊ लागल्या. खडू दोन बोटांत ठरेना म्हणून ते तो मुठीत धरून लिहू लागले. 'श'ची गाठ सुटायची, शिरोरेघ उजवीकडे उतरायची. तेव्हा याच ग्रुपवर कुणीतरी लिहिले होते की, फळा वाचता येईल असा लिहावा, नाहीतर छापील कागद लावावा. हे मी कुणाला दोष द्यायला काढत नाही, कारण मी स्वतः त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणून मागे लागले होते. सहा महिने तो आजार जिन्याखाली सर्वांसमोर खडूने लिहिलेला होता आणि आपल्यातल्या कुणालाच तो वाचता आला नाही.

पुढे डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहू लागली. दाखवले तिथे मानेच्या मणक्यात गॅप आहे असे सांगितले गेले. पट्टा झाला, ट्रॅक्शन झाले, तेल झाले, एका ठिकाणी ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. यात चौदा महिने गेले. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने ह्यांना शर्ट काढून बसवले आणि काहीही न बोलता नुसते पाहत राहिले. दंडाच्या कातडीखाली मुंग्यांची रांग चालावी तसे स्नायू आपोआप फडफडत होते. मी रोज ह्यांच्या शर्टाची बटणे लावून देत होते, पण ते कधी माझ्या लक्षात आले नव्हते. डॉक्टरांनी दुखते का, मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का असे तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा ह्यांचे उत्तर 'नाही' असे होते. मग स्नायूंत सुई घालून ईएमजीची तपासणी झाली आणि नाव कळले.

लवकर कळले असते तर हे बरे झाले असते का, असे कुणी विचारेल. झाले नसते. रिलुझोलच्या गोळ्यांनी आजाराचा वेग थोडा मंदावतो, एवढेच. पण त्या चौदा महिन्यांत ह्यांचा आवाज स्वच्छ होता. आता असा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवता येतो आणि पुढे यंत्राकडून त्याच आवाजात बोलून घेता येते, हे आम्हाला कळले तेव्हा शब्द ओळखू येईनासे झाले होते. आमच्याकडे ह्यांच्या आवाजाची एकच क्लिप आहे, वार्षिक सभेची, आणि तिच्यात हे थकबाकीदारांची यादी वाचत आहेत.

आणखी एक गोष्ट, जमल्यास टी-शर्टवर नाही पण मनात लिहून ठेवा. ह्यांची बुद्धी शाबूत आहे, कान शाबूत आहेत, स्पर्श कळतो. लिफ्टमध्ये व्हीलचेअरवर हे समोर बसलेले असताना 'काका कसे आहेत' असे मला विचारू नका आणि बहिऱ्याशी बोलल्यासारखे ओरडूनही बोलू नका.

ए-३०१ : मी फिजिओथेरपिस्ट म्हणून दोन शब्द लिहिते. मेंदूकडून मज्जारज्जूत आणि तिथून स्नायूंपर्यंत हुकूम नेणाऱ्या ज्या चेतापेशी असतात, त्या या आजारात एकेक करून मरत जातात. हुकूम पोहोचला नाही की स्नायू वापराविना सुकतो. हात, पाय, जीभ, गिळणे आणि अखेर श्वास, असा त्याचा प्रवास असतो, मात्र सुरुवात कुठूनही होऊ शकते. दहातल्या साधारण नऊ रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कुणालाही झालेला नसतो.

याला दुर्मीळ म्हणतात, पण त्या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये साधारण तीनशे माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो असे मानतात. तरीही आजूबाजूला रुग्ण दिसत नाहीत, कारण बहुतेक जण निदानानंतर दोन ते पाच वर्षांत जातात. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान झाल्यावर पंचावन्न वर्षे मिळाली, हा अपवाद आहे. काकू, हे इथे लिहू का म्हणून तुम्हाला आधी फोन केला होता. तुम्ही लिही म्हणालात म्हणून लिहिले.

आता धावणाऱ्यांना सूचना. स्नायू फडफडणे हे लक्षण टी-शर्टवर मुळीच छापू नका. पापणी किंवा पोटरी फडफडणे बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असते, आणि तुम्हा पळणाऱ्यांच्या पोटऱ्या तर लाँग रननंतर हमखास फडफडतात. सोमवारी सकाळी माझ्या दारात रांग लागेल. नुसते आजाराचे नाव छापूनही उपयोग नाही, कारण नाव वाचून कुणी काय करायचे? न दुखता वाढत जाणारा अशक्तपणा, चप्पल निसटणे, हातातून वस्तू पडणे, जीभ जड होणे, यांपैकी काही आठवड्यांमागून आठवडे वाढतच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे, एवढेच लिहा.

ए-१०२ : वहिनी, छापील कागद लावावा असे लिहिणारा मीच होतो. आज तो संदेश शोधून पुन्हा वाचला. त्यात मी 'सेक्रेटरींना आता पदाचा कंटाळा आलेला दिसतो' असेही लिहिले होते, ते तुम्ही सौजन्याने सांगितले नाहीत. मी त्यांची आणि तुमची क्षमा मागतो.

टी-शर्टला माझा विरोध राहिला नाही. पाठीवरच्या वाक्याला अजूनही आहे. ए-३०१ ताईंनी सुचवलेला मजकूर पाठीवर घ्यावा, कारण मॅरेथॉनमध्ये मागून येणाऱ्याला पुढच्याची पाठच दिसते, आणि अक्षरे मोठी असावीत. मी टी-शर्टसाठी काही रक्कम देऊ इच्छितो.

खजिनदार : टी-शर्टचे ठीक आहे, पण आजारासाठी देणगी गोळा करायची असेल तर कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेऊ नयेत. मॅरेथॉनच्या देणगी-व्यवस्थेत नोंदलेल्या संस्थांपैकी न्यूरॉलॉजीच्या रुग्णांसाठी काम करणारी एखादी निवडावी, ज्याने त्याने तिलाच थेट द्यावे आणि पावती आपल्या नावाने घ्यावी.

बी-३०४ : दोन्ही सूचना मान्य. पाठीवरचे वाक्य काढले आहे. काकू, एक विचारायचे राहिले. सिनफिल्डसारखे आम्ही काकांना व्हीलचेअरवरून नेऊ का? ड्रीम रनचे अंतर सहा किलोमीटरच्या आतच असते.

सी-६०२ : ह्यांना विचारले. नको म्हणतात. धक्के मान सहन करत नाही, आणि ह्यांना मिरवणुकीची आधीपासूनच नावड आहे. मात्र कॅडेल रोडवरून फुल मॅरेथॉनवाले परत येतात तेव्हा कोपऱ्यावर बसून पाहायला आवडेल म्हणाले. दरवर्षी आम्ही तिथे संत्र्याच्या फोडी घेऊन उभे राहायचो. पण त्या सकाळी रस्ते बंद असतात, गाडी निघत नाही, म्हणजे व्हीलचेअरनेच जावे लागेल, आणि आपल्या प्रवेशदाराच्या त्या दोन पायऱ्या आहेतच. एरवी वॉचमन आणि भाजीवाला मिळून खुर्ची उचलतात. भाजीवाला रविवारी येत नाही.

सेक्रेटरी : उताराचा विषय गेल्या वार्षिक सभेत आला होता आणि दोन स्कूटरची जागा जाते म्हणून पुढे ढकलला गेला. इतिवृत्त माझ्या हातचेच आहे, त्यामुळे नाकारत नाही. त्यांतली एक स्कूटर माझी आहे. ती मी उद्यापासून मागच्या बाजूला लावतो. तूर्त सुताराकडून लाकडी फळी करून घेता येईल.

ए-१०२ : दुसरी स्कूटर माझ्या मुलाची आहे. हलवली जाईल.

सी-६०२ : पुढचा मजकूर ह्यांचा आहे. मी अक्षरतक्त्यावर बोट फिरवते आणि हवे ते अक्षर आले की हे डोळे मिटतात, तसे करून पाऊण तासात सांगितला. मी फक्त टाइप करते आहे.

'डिझाइन पाहिले. न्युरॉन चुकीचे आहे. न्यू दीर्घ हवा. फळी नको, ती पावसात फुगते. सिमेंटचा उतार करा आणि कोटेशन तीन घ्या. ए-१०२, तुमचा संदेश मला तेव्हाही रास्त वाटला होता, अक्षर खरेच वाचता येत नव्हते. धावणाऱ्यांना सांगणे : माझ्यासमोर थांबू नका, वेळ बिघडेल.'

बी-३०४ : काका, न्यू दीर्घ केला. सुधारलेले डिझाइन तुमच्या नजरेखालून गेल्यावरच छपाईला देतो.